शिअर वॉल आणि तिला चिकटलेले कॉलम: मॉडेलमध्ये नक्की कसे घ्यायचे

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, कुठंही बघा, खाली पार्किंग आणि वर सात-आठ मजले, मधोमध लिफ्ट आणि जिना, हाच प्लॅन. आर्किटेक्टनं लिफ्टभोवती शिअर वॉल, म्हणजे भूकंपाचा आडवा धक्का घेणारी काँक्रीटची भिंत, दाखवलेली असते, एखादी वॉल बाजूच्या भिंतीत लपवलेली असते, आणि त्या वॉलच्या दोन्ही टोकाला कॉलम असतात कारण बीमची ग्रीड तिथंच येते. मग नवीन इंजिनिअर पोरं काय करतात, सॉफ्टवेअरच्या मॉडेलमधे ग्रीडवर कॉलम टाकले, दोन कॉलमच्या मधे वॉल ओढली, रन केलं, आणि कॉलमला साडेचार-पाच टक्के स्टील आलं की सेक्शन, म्हणजे कॉलमचा आकार, वाढवत बसतात. सेक्शन वाढवला तरी स्टील हलत नाही, कारण भानगड सेक्शनची नसतेच.

कशाला एवढी काळजी म्हणाल तर सोलापूर आयएस १८९३ च्या, म्हणजे भूकंपाच्या कोडच्या, २०१६ च्या आवृत्तीत झोन ३ मधे आहे, झेड (झोनचा धोक्याचा आकडा) ०.१६. आणि १९९३ ला ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला जे झालं ते आपल्या शेजारीच झालं, विसर्जन आटपून माणसं नुकती झोपलेली. तेव्हाच्या नकाशात तो भाग झोन १ मधे होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. २००२ ला झोन १ काढूनच टाकला. त्यामुळं 'आपल्याकडं काय भूकंप होत नाही' हे वाक्य निदान आपल्या लाईनीतल्या माणसानं तरी म्हणू नये.

तर आता मुद्द्याचं. वॉलच्या टोकाला एकत्र ओतलेला कॉलम हा कॉलम नसतोच, तो वॉलचाच भाग आहे. लोखंडी आय गर्डर डोळ्यासमोर आणा, वॉल म्हणजे मधली उभी पट्टी आणि कॉलम म्हणजे दोन्हीकडचे फ्लँज. गर्डर वाकला की फ्लँजमधे एकीकडं ताण, एकीकडं दाब, तसंच इथं. फ्लँज सुटा काढून त्याचं वेगळं डिझाईन कुणी करत नाही, पण सॉफ्टवेअरला तुम्ही सांगितलं नाही तर ते बिचारं कॉलम समजून सुटंच करणार. सगळं मॉडेलिंग ह्या एका गोष्टीभोवती फिरतं.

एक उदाहरण घेऊ, शेवटपर्यंत हेच वापरू. दोन कॉलम, ३०० बाय ६००, ६०० ची बाजू वॉलच्या दिशेनं. सेंटर टू सेंटर ४ मीटर. मधली वॉल २०० मिमी जाडीची, म्हणजे कॉलमच्या मधलं मोकळं अंतर ३.४ मीटर आणि बाहेरून बाहेर ४.६ मीटर. हाताने काढलं तर खरा एरिया १.०४ चौरस मीटर, आणि वॉलच्या दिशेनं मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वाकण्याला सेक्शन किती कडक त्याचा आकडा, साधारण २.१०६ मीटरचा चौथा घात. त्यातले १.४५ कॉलमचे आणि फक्त ०.६५५ मधल्या वॉलचे. हे आधी कागदावर काढून ठेवा, पाच मिनिटं लागतात, पुढं दोन दिवस वाचतात.

आता मॉडेलमधे तुम्ही कॉलम फ्रेम (रेषेचा घटक) म्हणून टाकला आणि वॉल शेल (पातळ पत्र्यासारखा घटक) म्हणून कॉलमच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत ओढली, जे सगळेच करतात कारण जॉईंट तिथंच असतो. शेल ४ मीटरची झाली, खरी आहे ३.४ ची. दोन्हीकडं ३०० मिमी वॉल कॉलमच्या आत घुसली आणि तेवढं काँक्रीट दोनदा मोजलं गेलं. एरिया झाला १.१६, इनर्शिया झाला २.५२. म्हणजे वॉल खऱ्यापेक्षा वीस टक्के कडक. वजनाचं म्हणाल तर ३ मीटरच्या मजल्याला ९ किलोन्यूटन जास्त, ते सोडून दिलं तरी चालेल, पण वीस टक्के कडकपणा सोडू नका, कारण भूकंपाचा लोड कडक माणसाकडं आधी जातो आणि अशा दोन वॉल प्लॅनमधे एका बाजूला असल्या तर टॉर्शनचं, म्हणजे बिल्डिंग पिळण्याचं, गणितच बदलतं.

उलट बाजूनं, काही जण म्हणतात कॉलम नकोच, नुसती ४ मीटरची वॉल घेतो, सोपं. तेव्हा इनर्शिया येतो १.०७, खऱ्याच्या निम्मा. नुसती वॉल घ्यायचीच असेल तर बाहेरून बाहेर ४.६ घ्या, तरी १.६२ च येतो, कारण कॉलमची जास्तीची १०० मिमी रुंदी राहिली. कॉलमची रुंदी वॉलच्या जाडीएवढीच असेल, म्हणजे बाहेरून कॉलम दिसतच नाही, तेव्हा मात्र हीच पद्धत बेस्ट: कॉलम टाकूच नका, पूर्ण लांबीची एक वॉल घ्या, टोकाचा भाग बाउंड्री एलिमेंट (जास्त सळ्या-रिंगांचं मजबूत टोक) म्हणून डिटेल करा, झंझट संपली.

कॉलम वॉलपेक्षा रुंद असेल तर माझी पद्धत अशी. कॉलम फ्रेम ठेवायचा, वॉल सेंटर टू सेंटरच ओढायची, पण कॉलमचा जो भाग वॉलनं आधीच खाल्लाय तो कॉलममधून वजा करायचा. वरच्या उदाहरणात कॉलमचा एरिया ०.१८, त्यातला ०.०६ वॉलमधे मोजला गेलाय, राहिला ०.१२. म्हणजे ०.६७. कॉलमच्या प्रॉपर्टी मॉडिफायरमधे, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या आकड्यानं गुणतं तिथं, एरिया, मास आणि वेट या तिन्हीला ०.६७ टाका. इनर्शिया परत काढला तर २.०४ येतो, खऱ्या २.१०६ पेक्षा तीन टक्के कमी. एवढं चालतंय की. तीन टक्क्यासाठी कुणी रात्र जागवू नये.

दुसरा रस्ता म्हणजे कॉलमच्या जागी वॉलला आडवी छोटी शेल वॉल टाकायची, इंग्रजी आय सारखी. लिफ्टच्या कोपऱ्यात जिथं वॉल काटकोनात फिरतात तिथं ते आपोआपच होतं आणि बरोबर होतं. पण ३०० रुंद कॉलमसाठी ३०० ची शेल पट्टी म्हणजे मेशचा (शेलच्या बारीक तुकड्यांच्या जाळीचा) नुसता चिवडा, मी टाळतो.

आता जोडणी. शेल आणि फ्रेम एकमेकाला नोडवरच, म्हणजे जोडबिंदूवरच, ओळखतात. स्टॅड प्रो सॉफ्टवेअरमधे ही चूक सर्रास दिसते: वॉलची प्लेट मेश केली, मजल्याच्या उंचीत सहा तुकडे झाले, पण कॉलम मेंबर मात्र खालपासून वरपर्यंत एकच राहिला. मग मधले पाच नोड कॉलमला चिकटलेलेच नसतात, फक्त स्लॅबच्या लेव्हलला गाठ पडते. दिसायला स्क्रीनवर एकच रेषा. कॉलम त्या नोडवर तोडावाच लागतो. ईटॅब्स ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे फ्रेमचं ऑटो मेश आणि वॉलचं ऑटो मेश दोन्ही असाइन मेनूत असतं, ते चालू आहे का ते बघा आणि रन झाल्यावर अ‍ॅनालिसिस मेश दाखवून डोळ्यानं खात्री करा. वॉलचा मेश एक-सव्वा मीटरच्या पुढं जाऊ देऊ नका, खिडकी-दाराजवळ अजून बारीक.

मग पियर लेबल, म्हणजे कुठले तुकडे मिळून एक वॉल धरायचे ते सांगणारं नाव. वॉलला पी१ दिलं की बहुतेकांचं काम संपतं, आणि इथंच सगळा घोळ आहे. ईटॅब्स मधे फ्रेमलाही पियर लेबल देता येतं: असाइन, फ्रेम, पियर लेबल. टोकाच्या दोन्ही कॉलमना तेच पी१ द्या, प्रत्येक मजल्यावर. नाही दिलं तर काय होतं त्याचा आकडा सांगतो. एम ३० काँक्रीट, ३० मीटर उंच ही एकटी वॉल, वर १०० किलोन्यूटनचा धक्का. पायथ्याशी मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, ३००० किलोन्यूटन मीटर, यात कुणाचं दुमत नाही. पण लेबल फक्त वॉलला असेल तर त्या सेंटर टू सेंटर मॉडेलच्या पियर फोर्सच्या टेबलात मोमेंट दिसेल १२७० च्या आसपास. बाकीचे १७०० कुठं गेले? कॉलममधे, अ‍ॅक्सियल, म्हणजे उभी ओढ-दाब म्हणून. एका कॉलमला सव्वाचारशे किलोन्यूटन ओढ, दुसऱ्याला तेवढाच दाब, गुणिले ४ मीटर. म्हणजे वॉलचं डिझाईन अर्ध्याहून कमी मोमेंटवर होतंय आणि कॉलम बिचारे ताणात डिझाईन होऊन पाच टक्के स्टील मागतायत. दोन्ही उत्तरं चूक, आणि दोन्ही एकाच कारणानं.

ही एकट्या वॉलची टेस्ट प्रत्येकानं एकदा तरी करावीच. नवीन फाईल, एक वॉल, दोन कॉलम, वर १०० किलोन्यूटन, मॉडिफायर सगळे १ (फक्त तो ०.६७ वाला ठेवून). वरचं डिफ्लेक्शन, म्हणजे माथा किती सरकला ते, हाताने: लोड गुणिले उंचीचा घन, भागिले तीन ई आय. आय म्हणजे वरचा इनर्शिया, ई म्हणजे काँक्रीटचा कडकपणा, ५००० गुणिले वर्गमूळ ३०, सत्तावीस हजार चारशेच्या आसपास. उत्तर साडेपंधरा-सोळा मिमी यायला पाहिजे, शिअरचं अर्धा मिमी पण नाही. १३ आलं तर काँक्रीट दोनदा मोजलंय. ५० च्या जवळ आलं तर कॉलम वॉलला चिकटलेच नाहीत, नुसती ३.४ ची वॉल आणि दोन सुटे कॉलम हलतायत. एवढ्या सोप्या आकड्यावरून मॉडेलचं दुखणं कळतं.

मॉडिफायरचा एक भाग आहे ज्याच्याकडं फार कुणी बघत नाही. काँक्रीटला भेगा पडतात म्हणून आयएस १८९३ सांगतं कॉलमचा इनर्शिया ७० टक्के, बीमचा ३५ टक्के. वॉलसाठी आयएस १६७०० (उंच इमारतींचा कोड) मधून फॅक्टर्ड लोडला ०.७ घेतात. वॉलच्या शेलला ०.७ द्यायचं म्हणजे एफ२२ ला (शेलच्या उभ्या ताण-दाबाच्या मॉडिफायरला) द्यायचं, कारण ईटॅब्स मधे उभ्या वॉलची २ नंबरची दिशा वर जाते आणि वॉल आपल्या प्लेनमधे वाकते ती त्या उभ्या ताण-दाबातूनच. एम११, एम२२ हे वॉलच्या जाडीतून वाकण्याचे, ते ०.७ करून प्लेनमधल्या वाकण्यावर काही फरक पडत नाही. हे माहीत असलेले पण पुढं अडकतात: टोकाच्या कॉलमला ते आय२२, आय३३ ला (कॉलमच्या दोन दिशांच्या इनर्शियाला) ०.७ देतात आणि एरिया तसाच. अहो, पण आपल्या उदाहरणात कॉलमचा स्वतःचा इनर्शिया ०.००५४, आणि अंतरामुळं मिळणारा ०.७२. कडकपणा येतोय एरियातून. त्यामुळं ०.७ एरियालाच लावायला हवं, म्हणजे ०.६७ गुणिले ०.७, सुमारे ०.४७. नाही लावलं तर क्रॅक सेक्शन घेतलाय असं वाटतं आणि प्रत्यक्षात वॉल पुन्हा वीस टक्के कडक राहते. मास आणि वेट मात्र ०.६७ च, काँक्रीटला भेग पडली म्हणून त्याचं वजन कमी होत नाही.

याचा साईड इफेक्ट असा की वॉल उभ्या लोडलाही मऊ होते आणि ग्रॅव्हिटीचा (वजनाचा) लोड शेजारच्या बाकी कॉलमकडं सरकतो. म्हणून ग्रॅव्हिटीसाठी आणि फूटिंगसाठी मी दुसरी फाईल ठेवतो, एफ२२ एक आणि कॉलमचा एरिया ०.६७. दोन फाईल सांभाळायचा कंटाळा येतो खरा, पण पर्याय नाही.

ग्रॅव्हिटीवरून आठवलं, वॉलमधल्या कॉलमचा अ‍ॅक्सियल खाली येताना मजल्यागणिक वाढत नाही, कधी कधी अर्धाच दिसतो, आणि नवीन पोरगं घाबरून फोन करतं, सर लोड गायब झाला. गायब नाही झाला मालक, बीमनं कॉलमला दिला आणि कॉलमनं दोन मजल्यात वॉलला वाटून टाकला. पियरचा एकूण पी बघा आणि हाताने काढलेल्या ट्रिब्युटरी एरियाशी (त्या वॉलच्या वाट्याला येणाऱ्या स्लॅबच्या लोडशी) ताडा. सुट्या कॉलमच्या आकड्यावर फूटिंग काढू नका.

डिझाईन पियर म्हणून करायचं, सेक्शन डिझायनरमधे खरा आकार काढून: दोन कॉलम, मधे २०० ची वॉल, सळ्या जिथं बसणार तिथं. कॉलमचं सुटं डिझाईन बघायचं ते फक्त वॉलच्या आडव्या दिशेसाठी, तिथं तो खरंच कॉलमसारखा वागतो. बाउंड्री एलिमेंट लागतो का ते आयएस १३९२० च्या (भूकंपासाठी डिटेलिंगच्या कोडच्या) नियमानं हातानेच बघा: टोकाचा फॅक्टर्ड दाब ०.२ एफसीके (एफसीके म्हणजे काँक्रीटची ताकद, एम ३० ला ३०) च्या वर गेला की लागतो, ०.१५ च्या खाली आला की वरच्या मजल्यावर सोडता येतो. पी (उभा लोड) ४००० किलोन्यूटन आणि एम (मोमेंट) ५००० किलोन्यूटन मीटर धरा. ४००० भागिले १.०४ म्हणजे ३.८५, आणि ५००० गुणिले २.३ भागिले २.१०६ म्हणजे ५.४६, बेरीज ९.३ एमपीए. एम ३० ची हद्द ६. म्हणजे लागतो, आणि तुमचे कॉलमच ते बाउंड्री एलिमेंट, म्हणून त्यांच्या रिंगा पूर्ण उंचीभर जवळजवळ, जॉईंटपुरत्या नाहीत.

आर (भूकंपाचा लोड ज्यानं भागून कमी करतात तो आकडा) ५ घेतला असेल, डक्टाईल (न तुटता वाकणारी) वॉल आणि एसएमआरएफ (खास डिटेलिंगची बीम-कॉलमची फ्रेम) चं ड्युअल म्हणून, तर फ्रेमनं एकटीनं निदान २५ टक्के बेस शिअर, म्हणजे पायथ्याचा एकूण आडवा लोड, झेलायला पाहिजे. ते तपासताना वॉलमधले हे कॉलम फ्रेमच्या खात्यात धरू नका, ते वॉलच्या खात्यातले आहेत. आणि वॉलची लांबी जाडीच्या चौपटीपेक्षा कमी असेल तर ती वॉल नाहीच, ३०० बाय ९०० ला शिअर वॉल म्हणून आर मागू नका.

आता चिकटलेला नाही पण शेजारी उभा असलेला कॉलम, हा तर जास्त त्रासदायक. लिफ्टच्या वॉलपासून ९०० मिमी वर कॉलम, मधे २३० बाय ६०० चा बीम कारण बाकी सगळे बीम तेवढेच आहेत. हा साधा बीम नाही, कपलिंग बीम आहे, दोघांना बांधून ठेवणारा आखूड बीम. वॉल झुकली की तिचं टोक वर-खाली होतं, कॉलम जागेवर, आणि सगळी ओढाताण त्या ९०० मिमी मधे. लांबी भागिले खोली १.५. कोडप्रमाणे शिअर स्ट्रेस ०.१ गुणिले वर्गमूळ एफसीके गुणिले १.५ च्या वर गेला, एम ३० ला ०.८२ एमपीए, की तिरक्या सळ्या लागतात. २३० च्या बीमला ते शंभरेक किलोन्यूटनलाच येतं, आणि २३० मधे तिरक्या सळ्यांचे दोन गठ्ठे बसवून दाखवा. शिवाय कपल्ड वॉल म्हटली की जाडी कमीत कमी ३०० लागते. पोरं मग दोन्ही टोकाला रिलीज टाकतात, म्हणजे टोक बिजागरीसारखं मोकळं करतात, आणि फेल दाखवणारा लाल रंग गेला म्हणून खूश. रिलीज टाकून बीमचा रंग बदलतो, साईटवरचा बीम नाही बदलत. आर्किटेक्टशी भांडा, कॉलम वॉलला चिकटवा नाहीतर दोन-अडीच मीटर लांब न्या, नाहीच जमलं तर तिथला बीम काढून नुसत्या स्लॅबवर भागतं का बघा.

वॉलच्या प्लेनमधे येणारा बीम टोकाला कॉलम असेल तर नीट बसतो. कॉलम नसेल तर एकाच शेल नोडला मोमेंट देताना शेल तो नीट घेत नाही, मेश बदलला की आकडा बदलतो. तिथं बीम वॉलच्या आत एक-दोन पॅनेल पुढं न्या. त्या वाढवलेल्या तुकड्याचं वजन शून्य करा. २०० च्या वॉलला आडवा येऊन टेकणारा बीम मात्र सरळ पिन (मोमेंट न देणारा) धरा.

खालच्या बाजूला. सोलापुरात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, हे प्रत्येक प्लॉटला वेगळ्या खोलीवर. पाषाण लागला तर वॉलचा पाया फिक्स धरणं ठीक. मुरुमावर असाल तर पाया थोडा फिरतो आणि वॉल मॉडेलपेक्षा कमी लोड घेते, उरलेला फ्रेमवर जातो, म्हणून एकदा पायाला स्प्रिंग टाकून ड्रिफ्ट (मजल्याचं आडवं सरकणं) आणि कॉलमचे मोमेंट तपासा. ड्रिफ्टची हद्द मजल्याच्या उंचीच्या ०.००४. पण दोन टोकाच्या कॉलमखाली दोन सुटी फूटिंग आणि मधली वॉल प्लिंथ बीमवर, असलं ड्रॉइंग सोडू नका. वरच्या टेस्टमधे खऱ्या सेक्शनवर हाताने काढलं तर १०० किलोन्यूटनला एका पूर्ण कॉलममधे पाचशेच्या वर ओढ येते, खरा धक्का त्याच्या कितीतरी पट, ते फूटिंग उचलायला बघणार. वॉलखाली एकच फूटिंग नाहीतर राफ्ट (सगळ्याखाली एकच जाड स्लॅबचा पाया).

पार्किंगच्या मजल्यावर गाडी वळायला जागा नाही म्हणून वॉल तोडा असं बिल्डर म्हणणारच. वरून आलेली वॉल खाली दोन कॉलमवर उभी करू नका, मॉडेलमधे पास झाली तरी. झोन ३ मधे मोकळ्या मजल्याचा कडकपणा वरच्या मजल्याच्या ८० टक्क्याच्या खाली जाता कामा नये, आणि तो टिकवायलाच तर वॉल घातलेली असते.

आणि ड्रॉइंगवर एवढं मोठ्या अक्षरात लिहा: वॉलच्या आडव्या सळ्या कॉलमच्या गाभ्यात पूर्ण अँकर करायच्या, कॉलमच्या रिंगांच्या आत. सेंटरिंगवाला नेहमीच्या सवयीनं कॉलम आधी ओततो आणि वॉल नंतर, मधे गुळगुळीत जॉईंट. मग टेस्टमधलं ते ५० मिमी वालं, कॉलम न चिकटलेलं मॉडेल तुमच्या साईटवर उभं राहतं. कॉलम आणि वॉल एकाच वेळी ओतायचं, नाहीच जमलं तर जॉईंट खरवडून सळ्या आधीच बाहेर काढून ठेवायच्या, आणि ओतायच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघायचं.